‘मी असते तर मागे फिरले असते’

दादरला महिन्यातून एकदा भेटणारे आम्ही काही वाचणारे लोक आहोत, आणि गेल्या काही भेटींपासून आमच्यात एकाच कादंबरीवरून भांडण चालू आहे. भांडण होतंय याचं मला अजिबात वाईट वाटत नाही, पुस्तकावरून माणसं आवाज चढवतायत ही उलट चांगलीच गोष्ट आहे, पण दोन्ही बाजू ज्या पद्धतीने बोलतायत त्यात मूळ मुद्दाच हातातून सुटलाय. कादंबरी आहे केटलिन स्टार्लिंग या अमेरिकन लेखिकेची ‘द ल्युमिनस डेड’, 2019 ची. सायन्स फिक्शन, आणि त्यातही ज्याला सर्व्हायवल हॉरर म्हणतात त्या जातीची, म्हणजे जीव वाचवण्याच्या धडपडीची भयकथा. गायर प्राइस नावाची तरुणी दूरच्या एका ग्रहावर खोल गुहेत एकटी उतरते. काम खनिजांचे साठे शोधून नकाशा करायचं आहे असं तिला वाटत असतं, आणि पैसे एवढे मिळणार असतात की त्या ग्रहावरून बाहेर पडून सोडून गेलेल्या आईचा शोध घेता येईल. एवढे पैसे देतायत म्हणजे वर चांगली कसलेली टीम बसलेली असेल हाही तिचाच हिशोब. प्रत्यक्षात वर असते एकटी एम. ही एम गायरच्या सूटमधून तिच्या शरीरात औषधं सोडू शकते, महत्त्वाची माहिती दाबून ठेवते, आणि गायरने अनुभवाची खोटी कागदपत्रं दाखवून काम मिळवलंय हे तिला पक्कं ठाऊक असतं. मग रसद जिथे असायला हवी तिथे नसते, ठरलेला रस्ता बदलतो, आणि हळूहळू गायरचा स्वतःच्या डोक्यावरचाही भरवसा उडायला लागतो. पुढचं सांगत नाही.

एका बाजूचं म्हणणं असं की बाई मूर्ख आहे. रसद गायब दिसली तेव्हाच मागे का नाही फिरली? माहिती लपवणाऱ्या बाईवर पुन्हा पुन्हा विश्वास का ठेवते? ‘असं कोण वागतं?’ आणि ‘मी असते तर तिथूनच मागे फिरले असते’ ही दोन वाक्यं आमच्याकडे प्रत्येक भेटीत कुणी ना कुणी म्हणतंच, आणि तेवढ्यावर पुस्तक निकालात निघतं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, अहो हॉरर आहे, एवढा विचार कशाला करायचा, डोकं बाजूला ठेवून वाचा आणि मजा घ्या. मला दोन्ही पटत नाहीत. माझं मत सरळ सांगते. सर्व्हायवल हॉररमधे माणसाचा चुकीचा निर्णय हाच लिखाणाचा मुख्य विषय असतो, राक्षस दुय्यम असतो. त्यामुळे पात्राने चूक केली ही तक्रारच होऊ शकत नाही. तपासायचं ते हे, की ती चूक त्या माणसाकडून का झाली याची कारणं लेखिकेने पुरती उभी केली आहेत का. घरी पंख्याखाली बसून मी काय केलं असतं हा प्रश्न पुस्तकाबद्दल काहीच सांगत नाही.

आता विरोधी बाजूचं जे खरं आहे ते आधी मान्य करते, कारण त्यांचा राग उगाच आलेला नाहीये. या प्रकारात आळशी लिखाण भरपूर आहे. कथा पुढे ढकलायची म्हणून कुणीतरी एकटाच अंधारात जातो, शास्त्रज्ञ म्हणवणारा माणूस अनोळखी ग्रहावर हेल्मेट काढून उभा राहतो, रेडिओ असून कुणी कुणाला काही कळवत नाही, हे आपण सगळ्यांनी इतक्यांदा बघितलंय की वाचकाची सहनशक्तीच संपून गेलीये. अशा ठिकाणी पात्र मूर्ख नसतं, लेखक कामचुकार असतो, आणि वाचकाने चिडायलाच हवं. पदरचे पैसे आणि लोकलमधले महिनाभराचे तास घालून वाचणाऱ्या माणसाला ‘मला नाही आवडलं’ एवढंच म्हणायचा पूर्ण हक्क आहे, त्याला कारण द्यायचीही गरज नाही. पण ‘नाही आवडलं’ म्हणणं वेगळं आणि ‘माणसं असं वागत नाहीत’ म्हणणं वेगळं. दुसरं विधान माणसांबद्दलचं आहे, आणि ते खोटं आहे. निदान मुंबईत राहणाऱ्याने तरी ते करू नये.

26 जुलै 2005 घ्या. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याला 75 मिलिमीटरसुद्धा नाही. म्हणजे फोर्टमधल्या किंवा नरिमन पॉइंटच्या ऑफिसात बसलेल्या माणसाला दुपारी खिडकीतून जे दिसत होतं ते जुलैतल्या कुठल्याही दिवसासारखंच होतं. फोन लागत नाहीयेत, गाड्या बंद पडल्यात एवढं कळतंय, घरी पोरं शाळेतून आली की नाही माहीत नाही, तर तो काय करणार? निघणारच. दादरपर्यंत घोट्याएवढं पाणी, माटुंग्याला गुडघ्याएवढं, आता एवढे आलोच आहोत तर मागे जाण्यात काय अर्थ, पुढे कमी असेल, आणि असं करत करत हजारो माणसं पायी चालत चालत थेट त्या भागात पोचली जिथे मिठी नदी रस्त्यावर आली होती. काही जण गाडीतच बसून राहिले, काचा बंद करून, कारण पावसात गाडीच्या आत असणं म्हणजे सुरक्षित असणं हे आयुष्यभर अंगवळणी पडलेलं होतं, आणि पाणी चढल्यावर दारं उघडेनात म्हणून त्यातले काही जण तिथेच गुदमरून गेले. या माणसांना मूर्ख म्हणायची हिंमत आहे कुणाची? प्रत्येक पाऊल त्या क्षणाला हातात असलेल्या माहितीवर बरोबरच होतं. सगळी पावलं एकत्र केल्यावर मात्र ते मरणाच्या दिशेने चालणं होतं, पण ते एकत्र दिसायला दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र लागतं. वाचकाच्या हातात ते वर्तमानपत्र असतं. मुखपृष्ठावर ‘हॉरर’ लिहिलेलं वाचूनच तो आत शिरतो. गायरला कुणी सांगितलेलं नसतं की ती हॉरर कादंबरीत आहे, ती कामावर आलेली आहे.

आणि एकटादुकटा घाबरलेला माणूसच चुकतो असंही नाही. आमच्यातल्या एका निवृत्त इंजिनिअर काकांचं म्हणणं होतं की मोठ्या मोहिमेत, जिथे यंत्रणा असते, नियमावली असते, तिथे असा ढिसाळपणा होऊच शकत नाही. काकांबद्दल मला फार आदर आहे, पण काका, आपल्याच शहरात 14 एप्रिल 1944 ला काय झालं? व्हिक्टोरिया डॉकमधे ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचं जहाज उभं होतं, पोटात सुमारे 1,400 टन स्फोटकं, आणि त्याच जहाजावर कराचीहून चढवलेल्या कापसाच्या गाठी. युद्धाचे दिवस, जागा वाया घालवायची नाही, म्हणून पेटणारी वस्तू आणि स्फोट होणारी वस्तू एकाच बोटीत. दुपारी दोनच्या सुमाराला धूर बोटीवरच्या लोकांच्या लक्षात आला, त्याच्या आधी शेजारच्या बोटींवरच्या काहींना तो दिसला होता, पण कुणी बोललं नाही. मग पाणी मारणं सुरू झालं. बोट बाहेर खेचून न्यायची का, जागच्या जागी बुडवायची का, की विझवत राहायचं, हे ठरवायला सगळे जाणकार अधिकारी हजर होते आणि त्यांच्यात एकमत होईना, शेवटचा शब्द कुणाचा हेच कुणाला स्पष्ट नव्हतं. आत स्फोटकं आहेत हे दाखवणारा लाल बावटा बोटीवर नव्हता, त्यामुळे धक्क्यावर लोक आग बघत उभे होते. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. शेकडो माणसं गेली, अग्निशमन दलाचे 66 जण गेले, आणि आजही देशभर 14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी. दोन तास होते. यंत्रणा होती, नियम होते, अनुभवी माणसं होती. हाच प्रसंग कुणी दुसऱ्या ग्रहावर नेऊन कादंबरीत लिहिला असता तर ‘दोन तास नुसते बघत बसतात, असं कोण वागतं’ म्हणून आपण ते पुस्तक भिरकावलं असतं.

याच्यावर एक उत्तर येतं आणि ते या वादातलं सगळ्यात वजनदार उत्तर आहे. प्रत्यक्षात घडलं म्हणून कथेत पटतं असं थोडंच आहे? आयुष्याला पटण्याची जबाबदारी नसते, कथेला असते. हे तर ॲरिस्टॉटलपासून सांगितलं गेलंय, की कथेत न पटणाऱ्या शक्यतेपेक्षा पटणारी अशक्य गोष्ट बरी. मला हे शंभर टक्के मान्य आहे. म्हणूनच मी 2005 आणि 1944 हे लेखकांना दिलेला परवाना म्हणून सांगत नाहीये. ‘खऱ्या आयुष्यातही होतं की’ एवढं म्हणून लेखकाची सुटका होत नाही. पण मग याच कसोटीवर पुस्तक नीट तपासा ना! त्या दोन्ही दिवसांत चूक कशातून झाली हे आपल्याला सांगता येतं: माहिती एकीकडे आणि माणूस दुसरीकडे, अधिकार कुणाकडे ते अस्पष्ट, मागे फिरण्याची किंमत समोर दिसणारी आणि पुढे जाण्याची न दिसणारी. कादंबरीने ही कारणं पानांवर मांडली असतील तर चूक पटायला हवी, नसतील तर लेखक नापास. ‘द ल्युमिनस डेड’मधे ती अगदी सुरुवातीपासून आहेत. माहिती एमकडे आहे, गायरकडे नाही. अंगातला सूट गायरचा आहे पण त्याचा ताबा एमकडे आहे. मागे फिरली तर पैसे जाणार, आई शोधायची राहणार, खोटी कागदपत्रं उघडकीला येणार. एवढं सगळं लेखिकेने मांडून ठेवल्यावरही ‘मागे का नाही फिरली’ हा प्रश्न येतो म्हणजे आपण सुरुवातीची पानं भरभर उलटून राक्षसाची वाट बघत बसलो होतो.

आणि इथे मला जे खरं म्हणायचंय ते येतं. एक बाई पैशासाठी जमिनीखाली उतरते, वर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात तिचा जीव असतो, आत नक्की काय आहे ते तिला सांगितलेलं नसतं. हे दूरच्या ग्रहावरचं वाटतं आपल्याला? आपल्या सोसायटीच्या गेटबाहेर मॅनहोलचं झाकण बाजूला करून, कमरेला दोरी बांधून माणूस आत उतरताना बघितलेलाच नाही असा मुंबईकर मला दाखवा. वर मुकादम किंवा कंत्राटदाराचा माणूस, हातात दोरीचं टोक. माणसाला असं गटारात उतरवायला मनाई करणारा कायदा 2013 चा आहे. मार्च 2014 मधे सुप्रीम कोर्टाने अशा मृत्यूंसाठी 10 लाखांची भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर 2023 मधे ती 30 लाख केली, म्हणजे मधल्या वर्षांत मृत्यू काही थांबले नाहीत. आत हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असतो तेव्हा सडक्या अंड्यांचा वास येतो, सगळ्यांना कळतं. पण प्रमाण वाढलं की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो, म्हणजे वास कमी झाला, आता हवा बरी आहे असं वाटतं नेमक्या त्याच वेळी माणूस सगळ्यात जास्त धोक्यात असतो. एक जण कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्याला काढायला तिसरा. अशा बातम्यांत नावं नेहमी दोन, तीन, चार अशी एकत्र येतात ती यामुळे. तो दुसरा का उतरला? पहिल्याचं काय झालं ते त्याने डोळ्यांनी बघितलं होतं. तिसऱ्याने तर दोघांचं बघितलं होतं. यांना आपण मूर्ख म्हणतो का? आत पडलेला त्यांचा भाऊ असतो, गाववाला असतो, आणि हाका मारत वर नुसतं उभं राहणं माणसाला जमत नाही. आमच्या चर्चेत मात्र एकाने अगदी सहज म्हटलं की एवढा धोका होता तर तिने ते काम घेतलंच कशाला. हा प्रश्न विचारायला आपल्याकडे महिन्याच्या एक तारखेला पगार जमा होत असावा लागतो.

खोट्या अनुभवाबद्दलचा रागही तसाच. ‘अनुभव नसताना खोटं बोलून गेली, मग मला तिची दया का यावी’ हे मत आमच्यातल्या निदान निम्म्या लोकांचं आहे. सकाळी आठ वाजता कुठल्याही मजूर नाक्यावर जाऊन बघा. गाडी थांबते, काच खाली होते, टाइल्सचं काम येतं का, येतं साहेब, वॉटरप्रूफिंग येतं का, तेही येतं. ‘नाही येत’ म्हणणारा दुपारपर्यंत तिथेच उभा असतो आणि मग घरी जातो. विचारणाऱ्यालाही माहीत असतं की सगळंच काही येत नसणार, आणि ते माहीत असणं त्याच्या सोयीचं असतं, पैसे कमी द्यायला आणि काही बिघडलं तर बोट दाखवायला. एम नेमकी हेच करते. गायरचं खोटं तिला आधीपासून ठाऊक आहे आणि ते ती गायरच्या गळ्यातल्या पट्ट्यासारखं वापरते. मला या कादंबरीतली ही सगळ्यात भीतीदायक गोष्ट वाटली, गुहेत जे काही आहे त्याच्यापेक्षाही. ज्या वाचकाला इथे फक्त गायरचं खोटं दिसलं त्याने अर्धंच पान वाचलं असं मी म्हणेन.

दुसरी मोठी तक्रार मधल्या भागाबद्दलची आहे. तेच तेच चालतं, चढ, उतार, पाणी, झोप, पुन्हा चढ, किती दिवस झाले कळत नाही, आणि मग तिला जे दिसतं-ऐकू येतं ते खरं की भास हे लेखिका सांगत नाही, ही वाचकाची फसवणूक आहे असं काही जणांना वाटतं. यातला भासांबद्दलचा भाग मला अजिबात मान्य नाही. मिशेल सिफ्र नावाचा तेवीस वर्षांचा फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ 1962 मधे आल्प्समधल्या एका गुहेत घड्याळाशिवाय एकटा राहिला. 16 जुलैला आत गेला आणि 14 सप्टेंबरला वेळ संपली असं सांगून त्याला बाहेर काढलं, तेव्हा त्याच्या हिशोबाने तारीख होती 20 ऑगस्ट. वरच्या लोकांना फोन करून तो एक ते 120 आकडे सेकंदाला एक या गतीने मोजायचा, आणि त्याला दोन मिनिटं वाटायची ती प्रत्यक्षात पाच निघायची. हा तरुण होता, तयारीने गेलेला होता, वर त्याची विश्वासू माणसं होती आणि कुणी त्याच्या शरीरात औषधं सोडत नव्हतं. 1916 मधे अंटार्क्टिकाच्या मोहिमेत अडकलेला शॅकल्टन आणि त्याचे दोन सोबती साउथ जॉर्जिया बेटाचे डोंगर छत्तीस तास जवळजवळ न झोपता ओलांडून गेले, आणि आपल्यासोबत चौथं कुणीतरी चालतंय असं तिघांनाही वाटत राहिलं, ते त्याने पुढे पुस्तकात लिहूनही ठेवलं. एकटेपणा, थकवा, अंधार याने मेंदूचं असंच होतं. तेव्हा लेखिकेने गायरला न कळणारी गोष्ट वाचकालाही कळू दिली नाही तर ती तिच्या जागी बरोबर आहे. वाचकाला वरून सगळं दाखवलं असतं तर आपणही एमच्या खुर्चीत जाऊन बसलो असतो.

पण पुनरावृत्तीची तक्रार? ती बरीचशी खरी आहे आणि मी ती मान्य करते. काळ हरवल्याचा अनुभव द्यायचा म्हणून वाचकाचाही वेळ हरवायलाच हवा असं काही नाही. मधल्या शंभरेक पानांत विश्वास, संशय, माफी, पुन्हा संशय हा फेरा एवढ्या वेळा होतो की पुढच्या फेऱ्याला नवीन काहीच कळत नाही, आणि तिथे मलाही पुस्तक खाली ठेवावंसं वाटलं. ‘कंटाळा आला’ हे मत मला म्हणूनच ‘ती मूर्ख आहे’पेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटतं, कारण ते कुठल्या पानावर आला हे दाखवता येतं आणि त्याच्यावर बोलता येतं. विज्ञानाच्या बाजूनेही एक भोक आहेच. गुहेतला राक्षस म्हणजे दगड पोखरत फिरणारा अवाढव्य प्राणी, त्याला तेवढी ऊर्जा मिळते कुठून, तो खातो काय, याचं समाधानकारक उत्तर मला तरी त्यात सापडलं नाही. काकांनी हा मुद्दा काढला तेव्हा मी गप्प बसले कारण तो बरोबर होता.

एक गोष्ट लेबलाची. सर्व्हायवल हॉरर हे नाव रूढ झालं ते व्हिडिओ गेममुळे, कॅपकॉमच्या 1996 च्या ‘रेसिडेंट एव्हिल’पासून. त्यामुळे आमच्यातली तरुण मुलं हे लेबल बघून जी अपेक्षा घेऊन येतात ती गेमची असते, आणि कादंबरी हातात कंट्रोलर देत नाही म्हणून ती चिडतात, मी डावीकडे गेलो असतो, ही बया उजवीकडे का चाललीये. त्यांचा राग मला समजतो. पण त्या गेममधे तरी भीती कशाने वाटायची हे आठवा. झाँबी होतेच, पण खरा जीव वरखाली व्हायचा तो गोळ्या मोजक्या आहेत म्हणून, सामान ठेवायला जागा पुरत नाही म्हणून, आणि खेळ सेव्ह करायला टाइपरायटरची रिबन लागायची, तीही मोजकीच, म्हणून. आता वापरू की पुढे लागेल म्हणून ठेवू, हा हिशोब चुकला की गेलात. म्हणजे टंचाईत घेतलेला निर्णय हाच तिथेही गाभा होता. या कादंबरीत गोळ्यांच्या जागी अन्न आहे, बॅटरी आहे, दोर आहे, आणि सगळ्यात टंचाई आहे ती खऱ्या माहितीची. मग ‘राक्षस फार उशिरा येतो’ ही तक्रार करताना आपण त्याच प्रकारातली मूळ गोष्ट विसरतोय असं नाही का वाटत?

आम्हा मोठ्यांची अपेक्षा वेगळ्या घरातून आलेली आहे. मराठीत विज्ञानकथा मोठ्या प्रमाणात वाढली ती मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धांच्या आधाराने. जयंत नारळीकरांनी 1974 मधे त्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ पाठवली तीसुद्धा नारायण विनायक जगताप असं टोपणनाव घेऊन, आणि बक्षीस मिळवलं. त्या सगळ्या लेखकांचं आपल्यावर ऋण आहे, लोकांपर्यंत विज्ञान पोचवायचं या ध्यासातून ते लिहिलं गेलं आणि मी त्याच्यावरच वाढले. पण त्यातून आपल्या मनात एक पक्कं चित्र बसलं की विज्ञानकथेत माणूस विचारी असतो, कोडं पडतं, तर्काने सुटतं. दुसरीकडे आपल्या भयकथेत बऱ्याचदा अनिष्ट शक्तीसमोर तिला पुरून उरणारा कुणीतरी जाणता उभा राहतो. या दोन्ही सवयी घेऊन आपण अशा कादंबरीकडे गेलो की इथे ना विचारी शास्त्रज्ञ सापडतो ना तारणारा, सापडते एक घाबरलेली, खोटं बोललेली, दमलेली कामगार मुलगी, आणि आपल्याला वाटतं लेखिकेचं काहीतरी चुकलं. विज्ञान इथेही आहे, फक्त ते कृष्णविवराचं नसून थकलेल्या मेंदूचं, रक्तातल्या औषधांचं आणि वर-खाली असलेल्या अधिकाराचं आहे.

राहता राहिले ‘डोकं बाजूला ठेवा’वाले. ते स्वतःला पुस्तकाचे मित्र समजतात पण खरं नुकसान त्यांच्यामुळे जास्त होतं असं मला वाटायला लागलंय. मूर्ख म्हणणारा निदान पुस्तकाकडून काहीतरी मागतोय, हे तर मागणंच सोडून द्या म्हणतात. डोकं बाजूला ठेवून वाचलं तर कामचुकार लेखक आणि मेहनती लेखिका यांच्यात फरक कसा करणार? अनोळखी ग्रहावर हेल्मेट काढणारा शास्त्रज्ञ आणि माहिती नाकारलेली, कर्जासारखी करारात अडकलेली गायर हे दोघं एकाच पारड्यात कसे जातील? भीती ही हलकी भावना आहे, तिला विचाराची गरज नाही, हा समज त्यांच्या बोलण्यामागे आहे आणि तोच मला सगळ्यात जास्त खटकतो. नासाचं चॅलेंजर यान 28 जानेवारी 1986 ला उडालं त्याच्या आदल्या रात्री त्याचे बूस्टर रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरांनी एवढ्या थंडीत रबरी सील धरणार नाहीत, उड्डाण नको असं सांगितलं होतं, मॅनेजमेंटने ते फिरवलं, आणि उड्डाणानंतर 73 सेकंदांत यानाचे तुकडे झाले, सातही जण गेले. त्या रात्रीच्या खोलीत काय वातावरण असेल, कुणी कुणाकडे बघून गप्प बसलं असेल, हे समजायला अहवाल पुरत नाही, त्याला अशी कादंबरी लागते जी आपल्याला त्या खुर्चीत बसवते आणि आपल्याकडूनही तोच होकार काढून घेते. हे डोकं बाजूला ठेवून कसं व्हायचं?

हे सगळं एवढ्या तावातावाने लिहिण्याचं आणखी एक कारण आहे. वाचकांची मतं लेखकापर्यंत पोचतात, प्रकाशकापर्यंत तर नक्कीच पोचतात. मेट्रो तीन आता कफ परेडपासून आरेपर्यंत साडेतेहतीस किलोमीटर, जवळजवळ सगळी जमिनीखालून धावतेय, धारावी आणि बीकेसीच्या मधे तर मिठी नदीच्या खालून जाते, आणि त्या बोगद्यात, नाहीतर त्याच्याही खालच्या कुठल्या कल्पित कामावर, उतरलेल्या कुणा मुलामुलीची अशी गोष्ट मराठीत लिहायची इच्छा असलेलं कुणीतरी आत्ता याच शहरात नक्की असेल. त्याने आमच्या ग्रुपमधली चर्चा ऐकली तर तो काय शिकेल? की नायक कधीच चुकता कामा नये, पहिल्या धोक्याला मागे फिरला पाहिजे, कागदपत्रं खरी पाहिजेत, आणि वीस पानांत राक्षस आला पाहिजे. असं पुस्तक मला वाचायचं नाहीये. मला ते वाचायचंय ज्यात मुकादमाने ‘आत काही नाही रे, जा’ म्हटल्यावर तो मुलगा दोरी तपासतो, वर बघतो आणि तरीही उतरतो, आणि तो का उतरला हे मला पुरतं कळलेलं असतं.